हातांची भाषा अक्षरांत कशी उतरते?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. एखाद्या कर्णबधिर माणसाला स्वतःच्या भाषेत चिठ्ठी लिहायची असेल, तर त्याने काय करायचं? आपण चटकन म्हणतो, मराठीत लिहावी. पण सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. मग कुणी म्हणेल, व्हिडिओ आहे की! व्हिडिओ हवाच, पण त्यातला एखादा शब्द शोधता येत नाही, चुकला तर तेवढाच खोडून दुरुस्तही करता येत नाही. ही सोय लिपीच देते.

अशी एक लिपी आहे, साइनरायटिंग. नृत्याच्या हालचाली लिहिण्याची पद्धत बसवणाऱ्या व्हॅलेरी सटन यांनी ती १९७४ मध्ये डेन्मार्कमध्ये तयार केली. तिच्यात हाताचा आकार, हालचाल आणि चेहऱ्यावरचे भाव लिहिता येतात. खूण करणाऱ्याला स्वतःचा तळवा दिसत असेल तर हाताचं चिन्ह पांढरं, हाताची पाठ दिसत असेल तर काळं. स्पर्श झाला की छोटी चांदणी. पाहिलंत ना, किती सरळ आहे!

जून २०१५ मध्ये युनिकोडच्या ८.० आवृत्तीत या लिपीची ६७२ चिन्हं आली. त्यांपैकी ६५२ मूळ चिन्हं. उरलेली २० त्यांचा रंगभाव आणि फिरवण्याची दिशा बदलतात. त्यामुळे एकाच हाताची ९६ रूपं होऊ शकतात.

इथे एक अडचण येते. आपण 'कि' टाइप करतो तेव्हा आधी 'क', मग वेलांटी; पण वेलांटी दिसते 'क'च्या आधी. ती कुठे बसवायची याचा नियम ठरलेला असल्यामुळे संगणकाला ते जमतं. सांकेतिक भाषेत असा नियम पुरत नाही. तोच हात कपाळाजवळ की हनुवटीजवळ, यावर अर्थ बदलू शकतो. आणि युनिकोडची ही चिन्हं फक्त 'काय' ते सांगतात, 'कुठे' ते सांगत नाहीत. म्हणून फॉर्मल साइनरायटिंग नावाच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हासोबत आडवं-उभं स्थान आकड्यांत लिहितात.

मग आपण काय करायचं? मजकूर चित्र म्हणून न चिकटवता चिन्हं म्हणूनच ठेवायचा, म्हणजे तो शोधता येतो, दुसरीकडे नेता येतो. वाचणाऱ्याकडे फॉन्ट नसेल तर नुसते चौकोन दिसतात, म्हणून नोटो सॅन्स साइनरायटिंगसारखा मोफत फॉन्ट पानासोबतच द्यायचा. माहितीसाठ्यात चार बाइटची अक्षरं मावतात ना, तेही तपासायचं, नाहीतर मजकूर साठवतानाच तुटतो.

जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरं दिसायची, ते दिवस आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत. आपली भाषा समोर असूनही वाचता येत नाही, ही चीड आपल्याला ठाऊक आहे. ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, एवढं तर आपण पाहू शकतो.