समोरचे दात गेले असतील तर



या पानावर आपण बेणे, लागण, खताचे हप्ते यांविषयी बोलतो. या खेपेस दातांविषयी लिहितो, कारण गेल्या हंगामात गटातल्या दोघा-तिघांनी "साहेब, तुम्ही बसवलेत तसे आम्हाला बसतील का?" असे विचारले.

माझे वरचे दोन दात रात्री मोटरसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळून गेले. (ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता. तेवढा लावाच.) जेवण अडत नव्हते, म्हणून चार वर्षे तसाच हिंडलो. मग पंचवटीत तपासले, तर डॉक्टर म्हणाले, "दात बसतील, पण हाड कुठाय?"

दात गेला की भोवतालचे हाड झिजते. वर्षभरात रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. समोरच्या दातांना ओठाकडचे हाड मुळात पातळ, पुष्कळदा एक मिलिमीटरही नसते. बांध तिकडूनच ढासळतो.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर दात चढवतात. या धातूला हाड घट्ट धरते, हे स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांना सशांवरील प्रयोगांत दिसले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. नेहमीचा स्क्रू सुमारे चार मिलिमीटर जाड. दोन्ही अंगांना हाड उरायला हवे, म्हणजे सहा-सात मिलिमीटर रुंदी लागते. माझी भरली चार!

हाड थोडेच कमी असेल तर साडेतीन किंवा त्याहून बारीक स्क्रू चालतो. काहींचे हाड मधून चिरून हळूच फाकवतात. फारच अरुंद असेल तर हनुवटीचा किंवा मागच्या जबड्याचा तुकडा, नाहीतर हाडाची भुकटी घालून वर पडदा लावतात आणि चार ते सहा महिने थांबतात. माझे असेच झाले. नंतर स्क्रू, पुन्हा तीन-चार महिने, मग दात. सुरू उसाला लागतो तेवढाच काळ गेला म्हणा ना! खर्चही वाढला.

सगळ्यांनी हेच करावे असे नाही. शेजारचे दात घासून पूल बसवता येतो, काढता-घालता येणारे दातही असतात. तंबाखू, मिश्री, विडी चालू असेल किंवा साखर ताब्यात नसेल, तर स्क्रू न धरण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांपासून हे लपवू नका. हाडाची रुंदी बोटाने चाचपून नीट कळत नाही, त्यासाठी जबड्याचा स्कॅन लागतो.

पंचवटीत मुंबई-आग्रा रस्त्यावर कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात खर्च सहसा कमी येतो. आधी चौकशी करून जा.

आणि मार लागून मोठ्या माणसाचा पक्का दात अख्खा निखळला, तर मुळाला हात लावू नका. वरच्या बाजूने धरा, दुधात ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासात दवाखाना गाठा. तोच दात पुन्हा बसू शकतो.

– ऊस विकास अधिकारी