बीपी नॉर्मल आलं, आता गोळी बंद करू का?

दवाखान्यात हमखास विचारला जाणारा हा प्रश्न. उत्तर सहसा एकच असतं: बीपी नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच.

बीपीच्या गोळ्यांपैकी अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरण्याला आळा घालते. स्नायू सैलावतात, वाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो. टेल्मिसार्टन वाहिन्या आकसवणाऱ्या अँजिओटेन्सिनला अडवते. दोन्ही औषधं दाब आटोक्यात ठेवतात, आजार मुळापासून घालवत नाहीत. गोळी बंद केली की काही दिवसांत परिणाम ओसरतो. दाब पुन्हा चढतो, पण बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका मात्र वाढत राहतो.

नियमित गोळी घेऊनही दाब 140/90 च्या वर राहतो? मग आधी जेवणातलं मीठ आणि अंगदुखीच्या गोळ्या पाहा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं दाब वाढवू शकतात. पाय सुजणं हा अॅम्लोडिपिनचा नेहमीचा दुष्परिणाम. त्यावर डॉक्टर डोस किंवा औषध बदलून देतात.

वजन घटलं, मीठ कमी केलं, तर काहींचा डोस कमीही होतो. पण तो निर्णय डॉक्टरांचा. परस्पर गोळी सोडू नका.