फ्रेंच माध्यमिक शाळेतील इंग्रजी द्वैभाषिक शिक्षण

फ्रान्समध्ये शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न हा केवळ शिक्षणशास्त्राचा नसून राज्यघटनेचाही आहे. फ्रेंच ही प्रजासत्ताकाची भाषा होय, हे तत्त्व १९९२ साली घटनेत समाविष्ट झाले. आणि १९९४ च्या भाषाविषयक कायद्याने फ्रेंच हेच अध्यापनाचे व परीक्षांचे माध्यम ठरविले. परकीय भाषांच्या अध्यापनाची गरज व आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे शिक्षण यांसाठी मात्र त्यात अपवाद ठेवण्यात आले. तेथील इंग्रजी द्वैभाषिक शिक्षणाचे स्वरूप या मर्यादेच्या संदर्भातच समजून घ्यावे लागते.

या शिक्षणाचे दोन प्रकार प्रमुख आहेत. पहिला प्रकार युरोपीय शाखांचा. १९९२ च्याच ऑगस्टमध्ये निघालेल्या परिपत्रकाने त्या सुरू झाल्या. येथे विद्यार्थ्यास इंग्रजीचे काही अधिक तास मिळतात व इतिहास-भूगोल, गणित किंवा विज्ञान यांसारखा एखादा ‘भाषेतर विषय’ अंशतः इंग्रजीतून शिकविला जातो. तो शिकविणारा शिक्षक मूलतः त्या विषयाचाच असतो. भाषेच्या पात्रतेसाठी त्याला पूरक प्रमाणपत्र मिळविता येते. शालान्त बाकालोरेआच्या प्रमाणपत्रावर या शाखेचा उल्लेख होण्यासाठी इंग्रजीत २० पैकी किमान १२ व विशेष मूल्यमापनात किमान १० गुण लागतात. या मूल्यमापनात तोंडी परीक्षेचा वाटा ८० टक्के, तर वर्गकार्याचा २० टक्के असतो.

दुसरा प्रकार आंतरराष्ट्रीय शाखांचा. सँ-जेरमँ-आँ-ले येथे १९५२ साली नाटोच्या अधिकाऱ्यांच्या मुलांकरिता निघालेली शाळा ही त्यांची पूर्वपीठिका होय. १९८१ मध्ये या शाखांना शासकीय चौकट लाभली. येथे परभाषेचे साहित्य व इतिहास-भूगोल यांचे अध्यापन अधिक सखोल असते. २०२४ पासून ही परीक्षा ‘आंतरराष्ट्रीय फ्रेंच बाकालोरेआ’ या नावाने होऊ लागली.

या पद्धतीतील खरी अडचण शब्दांच्या पलीकडची आहे. ‘लाइसिते’ ही फ्रेंच संकल्पना उदाहरणादाखल घेता येईल. तिला इंग्रजीत सामान्यतः ‘सेक्युलॅरिझम’ म्हणतात. परंतु १९०५ चा धर्मसंस्था व शासन यांच्या विभक्ततेचा कायदा आणि सार्वजनिक शाळेचा इतिहास यांतून त्या फ्रेंच शब्दाला आलेला अर्थ इंग्रजी शब्दात पुरता उतरत नाही. शिक्षकाने केवळ प्रतिशब्द दिला, तर विद्यार्थ्यास भाषा येते, विषय निसटतो. उलट, प्रत्येक संज्ञेसाठी तो फ्रेंचकडे वळला, तर इंग्रजी माध्यम नाममात्र उरते. दोन्ही संज्ञा समोरासमोर ठेवून त्यांतील अंतर हेच अभ्यासाचे साधन करणे, हा त्यावरील सयुक्तिक मार्ग होय.

मूल्यमापनातही हाच पेच उद्भवतो. अडखळत बोलणाऱ्या विद्यार्थ्याचे विषयज्ञान अपुरे की त्याची भाषा अपुरी, हे परीक्षकास विवेकाने ठरवावे लागते. म्हणूनच युरोपीय शाखेच्या तोंडी परीक्षेस भाषाशिक्षकाबरोबर, शक्य तेथे, विषयशिक्षकही बसतो.

समतेचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. ज्या घरात परदेशप्रवास व इंग्रजी ग्रंथ सुलभ आहेत, तेथील मुले या शाखांकडे सहज वळतात. शाखा मग भाषेऐवजी सामाजिक निवडीचे द्वार ठरते, असा आक्षेप फ्रान्समध्ये वारंवार घेतला गेला. २०१६ च्या सुधारणेत कनिष्ठ माध्यमिक स्तरावरील युरोपीय शाखा रद्द झाल्या, व पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा मुभा मिळाली, यामागे हाच वाद होता. तथापि शाखा बंद केल्याने विषमता नाहीशी होत नाही. संपन्न कुटुंबे ती भाषा अन्यत्र मिळवितातच. द्वैभाषिक शिक्षणाचे यश त्यातील विद्यार्थ्यांच्या इंग्रजीवरून जितके जोखावयाचे, तितकेच ते कोणाला उपलब्ध झाले यावरूनही जोखले पाहिजे.