शाळेच्या सुरक्षिततेचा सरकारी पैसा : कोठून येतो, कोठे अडतो



लागणीच्या आणि खोडव्याच्या नोंदी घेत आम्ही शेती खात्याची माणसे वर्षभर गावोगाव हिंडतो. उसाबरोबर गावातल्या दुसऱ्याही गोष्टी नजरेला पडतात. त्यांतली एक बहुतेक गटांत सारखीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची नवी रंगवलेली इमारत उभी असते आणि तिला खेटून जुनी कौलारू खोली. वासे वाकलेले, भिंतीने पोट काढलेले. दाराला कुलूप असते खरे, पण मधल्या सुट्टीत पोरे तिच्याच ओट्यावर खेळतात. ही पाडत का नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले : "सरकारकडून पैसा आला नाही."

हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे काय, ते या लेखात मांडायचे आहे. उसाच्या अंकात शाळा कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या शाळेत जाणारी पोरे आपल्याच सभासदांची आहेत, आणि शाळेपुढून हंगामात धावणारे ट्रॅक्टरही आपल्याच कारखान्याचे.

आधी धोका किती खरा आहे ते पाहू. २८ ऑगस्ट २०१७ रोजी तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निंबोडी येथे भर पावसात जिल्हा परिषद शाळेची खोली कोसळली आणि तीन विद्यार्थी गेले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे तसेच झाले, सात मुले दगावली. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने सर्व राज्यांना शाळांची सुरक्षा-तपासणी करण्यास कळविले. आपल्याकडे १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप, दोन्ही पहाटे झाले. शाळा रिकाम्या होत्या, म्हणून वर्गातली पोरे वाचली. हे नशीब झाले, व्यवस्था नव्हे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि नव्वदहून अधिक मुले होरपळून मेली. त्यावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. त्याच वर्षी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. बारमाही टिकणारी इमारत, मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि आवाराला भिंत किंवा कुंपण, हे सर्व त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. तेव्हा कुंपण मागायला गेलेला पालक मेहेरबानी मागत नसतो.

आता पैशाकडे येऊ. लोकांची अशी समजूत असते की मुंबईहून "शाळा सुरक्षा" नावाचे एक पाकीट निघते आणि मध्येच कुठेतरी गळते. तसे एकच पाकीट नाही. पैसा तीन-चार वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाटेचा दरवाजा वेगळा आहे.

पहिली वाट जिल्हा वार्षिक योजनेची. ही राज्य सरकारच्या पैशाची आणि सर्वांत मोठी वाट. पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती दरवर्षी हा आराखडा ठरविते. प्राथमिक शाळांच्या नव्या खोल्या आणि मोठ्या दुरुस्त्या यातूनच होतात. या योजनेतील पाच टक्के निधी शालेय शिक्षणासाठी राखून ठेवण्याचे सरकारचे धोरण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचा संतापजनक प्रकार घडल्यावर २१ ऑगस्ट २०२४ रोजी सरकारने शाळांत कॅमेरे बसविण्याविषयी निर्णय काढला. त्यात खाजगी शाळांना महिन्याभराची मुदत घातली, आणि सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांच्या कॅमेऱ्यांचा खर्च याच पाच टक्क्यांतून करावा असे ठरले.

दुसरी वाट समग्र शिक्षा योजनेची. हिच्यात साठ टक्के केंद्राचे आणि चाळीस टक्के राज्याचे. तिच्यातून शाळेच्या खात्यावर पटाप्रमाणे संयुक्त अनुदान येते. २०२१-२२ पासूनच्या दरांप्रमाणे तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, हजारपर्यंत पाऊण लाख आणि त्यापुढे एक लाख. आता हिशेब करा. वस्तीवरच्या लहान शाळेला दहा हजारांत खडू-फळा, वीजबिल, झाडलोट, किरकोळ दुरुस्ती हे सगळे भागवायचे असते. त्यातून छप्पर होणार नाही, हे शाळेत न गेलेल्यालाही कळते. पण दाराची मोडकी कडी, उघड्या वायरी, गळके पत्रे, पाण्याच्या टाकीचे झाकण, आग विझविण्याचे नळकांडे भरून आणणे, ही कामे त्यातून होतात, आणि ती व्हायलाच पाहिजेत.

तिसरी वाट ग्रामपंचायतीची. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांत साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, चाळीस टक्के मोकळी. शाळेचे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी त्या बांधील रकमेत बसत होते. किती ग्रामपंचायतींनी ते घेतले, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या ग्रामसभेत विचारावे. आमदार निधीचीही एक वाट आहे, पण तिथे शाळेच्या भिंतीपेक्षा सभामंडपाला मागणी जास्त येते. मागणी करणारे आपणच असतो, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

मग पैसा अडतो कुठे? आपल्या भाषेत सांगायचे तर ज्याच्या उसाची नोंद नाही, त्याला तोड नाही. फडात ऊस कितीही चांगला असो, नोंदच नसेल तर चिठ्ठी कशाची फाडायची? शाळेच्या निधीचे अगदी असेच आहे. जिल्ह्याच्या आराखड्यात नाव यायचे तर खालून प्रस्ताव जावा लागतो. तो शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावापासून सुरू होतो. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, तेथून जिल्हा परिषद, अशी ती पायरी आहे. कायद्याने या समितीत पाऊण भाग पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे कामही कायद्याने याच समितीला दिले आहे. प्रत्यक्षात कित्येक गावांत समितीचे वही-रजिस्टर मुख्याध्यापकाच्या कपाटात असते आणि सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. ज्या समितीला आपल्या आराखड्यात काय लिहिले आहे हे माहीत नाही, तिने पैसा आला नाही म्हणून कोणाला बोल लावायचा?

जुन्या खोलीचे घोडे आणखी एका ठिकाणी पेंड खाते. त्याचे नाव निर्लेखन. सरकारी इमारत मोडकळीला आली तरी ती कागदावर मालमत्ता असते. गावाने ठरवून पहारीने पाडली तर उद्या गुन्हा अंगावर यायचा. म्हणून आधी बांधकाम खात्याच्या अभियंत्याने पाहणी करून ती वापरास धोकादायक असल्याचा अहवाल द्यायचा, मग निर्लेखनाचा प्रस्ताव जायचा, त्याला मंजुरी मिळायची, जुन्या सागवानाचा-कौलांचा लिलाव व्हायचा आणि मग खोली उतरायची. या रांगेत एक कागद कमी पडला की सगळे थांबते. आणि जुनी खोली कागदावर उभी असली की "या शाळेला खोल्या पुरेशा आहेत" असाही शेरा येऊ शकतो, म्हणजे नव्या खोलीची मागणीही मागे पडते. म्हणून आमचे सांगणे असे की, नव्या खोलीची मागणी करण्याआधी जुन्या खोलीच्या निर्लेखनाचा ठराव करा. त्याची पोच घ्या. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख पाहा. तोंडी सांगितलेले कामकाज सरकार दरबारी झालेले धरत नाहीत, हे ऊसबिलाची पावती जपून ठेवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

वेळेचेही तसेच. सरकारी वर्ष मार्चअखेर संपते. पुढच्या वर्षाचा जिल्हा आराखडा त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आकार घेतो. जूनमध्ये शाळा भरल्यावर, छप्पर गळायला लागल्यावर अर्ज घेऊन धावणारा गडी एक पूर्ण वर्ष उशिरा आलेला असतो. दिवाळीच्या आत प्रस्ताव पंचायत समितीत पोचला, तर पुढच्या पावसाळ्याआधी काही घडण्याची आशा धरता येते.

कॅमेऱ्यांविषयी थोडे. आम्ही कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. पण ज्या शाळेची वीज थकबाकीपायी तोडली आहे, तिथे भिंतीवर बसविलेला कॅमेरा काय पाहणार? पोरीबाळींच्या सुरक्षिततेसाठी सरकारने २०२२ पासून शाळाशाळांत सखी-सावित्री समिती नेमायला सांगितली. तक्रारपेटीही आहे. या दोन गोष्टींना दमडी लागत नाही. पेटी कोण उघडते आणि कधी, एवढे पालकांनी विचारायला हवे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक वर्गावर्गात ठळक लिहिलेला असावा.

आता आमच्या शेती खात्याच्या अखत्यारीतले. यासाठी निधीची वाट पाहायची गरज नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून तेवीस मुले मेली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. आपल्या घरात, वस्तीवर औषधांचे रिकामे कॅन धुऊन पाण्याला, तेलाला, रॉकेलला वापरण्याची सवय अजून आहे. धुतले तरी त्यातले विष निघत नाही. असे कॅन शाळेत, अंगणवाडीत बादली म्हणून, डबा म्हणून गेले तर काय होईल याचा विचार करा. रिकामा कॅन तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता, कॅनला भोक पाडा आणि तो पुन्हा वापरात येऊ देऊ नका.

ज्यांचे क्षेत्र शाळेला लागून आहे त्यांनी तणनाशकाची फवारणी शाळा भरलेली असताना करू नये. वारा शाळेकडे वाहत असेल तर सुट्टीच्या दिवशीही थांबावे. पाचट जाळू नका, हे आम्ही एरवीही जमिनीच्या भल्यासाठी सांगतच असतो. शाळेशेजारच्या फडात ते पेटविणे म्हणजे वर्गात धूर भरणे, आणि कधी वाऱ्याने छपरापर्यंत आग नेणे. शाळेच्या वाटेवर कठडा नसलेली विहीर, मोटारीची जमिनीवरून गेलेली जोडाची वायर, हे मालकाने आपल्या खर्चाने सुधारावे. शाळेच्या कुंपणालगत पाच-सहा फूट पट्टा मोकळा ठेवला तर साप-विंचवाची भीतीही कमी होते. तेवढ्याने उत्पादनात पडणारी तूट नगण्य आहे.

टोळ्यांबरोबर येणाऱ्या तोडणी कामगारांच्या मुलांचा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. इथे एवढेच की, गावाकडे राहिलेल्या मुलांसाठी समग्र शिक्षेतून हंगामी वसतिगृहे चालतात. जी मुले आई-बापांबरोबर इकडे आली, त्यांच्याजवळ शिक्षण हमी कार्ड असले तर जवळच्या शाळेने त्यांना बसवून घ्यायचे असते. मुकादमाला पहिल्या आठवड्यातच त्याबद्दल विचारा. भरलेल्या ट्रॉलीवर बसून कारखान्यावर येणारे पोर कोणाच्याच पटावर नसते.

राहिला रस्ता. शाळेपुढे गतिरोधक, फलक, पट्टे मारणे हे काम रस्ता ज्याच्या मालकीचा त्याचे, म्हणजे गावरस्ता असेल तर जिल्हा परिषद आणि मोठा रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम खाते. ग्रामसभेचा ठराव त्या खात्याकडे द्यावा आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही पाठवावी. आपल्या बाजूने करता येईल ते असे : ज्या गावांत ऊस वाहतुकीचा रस्ता शाळेपुढून जातो, तेथील सभासदांनी शाळा भरण्याच्या, सुटण्याच्या आणि मधल्या सुट्टीच्या वेळा एका कागदावर लिहून गट ऑफिसात द्याव्यात. खाली मुख्याध्यापकांची सही असावी. हंगामापूर्वी वाहनधारकांशी करार होतात त्या वेळी, आणि नंतर चिटबॉयमार्फत चिठ्ठी देताना, त्या वेळांत दोन ट्रॉल्यांची वाहने शाळेपुढून नेऊ नयेत असे वाहनधारकांना बजावता येते. दुसरी वाट असेल तर ती ठरवूनही देता येते. गळिताची मोळी टाकण्याच्या पंधरा दिवस आधी कागद आला तर सोयीचे पडेल.