करड्या जगातली मुलगी

‘ग्रिस’ हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ करडा. बार्सिलोनाच्या नोमादा स्टुडिओने २०१८ मध्ये याच नावाचा एक व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. चित्रकार कोनराद रोसेत यांची जलरंगांसारखी दृश्ये आणि संगीत यांवरच कथा चालते.

एका भव्य पाषाणस्त्रीच्या तळहातावर मुलगी गात असते. अकस्मात तिचा आवाज विरतो, मूर्ती भंगते आणि ती एका रंगहीन प्रदेशात कोसळते. आरंभी उडी मारण्याची कळ दाबली, तर ती उडी मारत नाही, गुडघ्यांवर बसते. माझ्यासारख्या डॉक्टरला हे दृश्य फार परिचयाचे वाटते. घरातले माणूस गेल्यावर कित्येक जण ‘हातपाय जड झालेत, घास उतरत नाही’ एवढीच तक्रार घेऊन येतात. रक्ताचे अहवाल मात्र निर्दोष असतात.

पुढे कोडी सोडवीत ती चालू लागते आणि लाल, हिरवा, निळा, पिवळा असे रंग जगात परततात. मला विशेष भावली ती तिची पहिली शक्ती: तिचा झगा दगडासारखा जड होतो आणि त्या जडपणामुळेच ती वादळात उभी राहू शकते. आवाज परततो तो अगदी शेवटी.

एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या नकार, राग, सौदेबाजी, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्थांचा आधार खेळाने घेतला आहे. येथे थोडे थांबायला हवे. १९६९ च्या ग्रंथात त्यांनी या अवस्था मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांच्या संदर्भात. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. शोक काही जिन्यासारखा पायरी-पायरीने उतरत नाही. स्वीकारानंतरही एखाद्या दिवाळीला राग उफाळतो. ‘तेरावे होऊन चार महिने झाले, अजून हिचे तेच’ असे म्हणणाऱ्या आप्तांना हे सांगावे लागते.

आई गेल्यावर मुलगा मोबाईल सोडत नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकतो. हिसकावण्यापूर्वी तो काय खेळतो ते पाहावे. ‘ग्रिस’मध्ये नायिका मरत नाही, गुण मोजले जात नाहीत, अनोळखी माणसांशी गाठ पडत नाही आणि तीन-चार तासांत खेळ संपतो. शेजारी बसून ‘ही मुलगी का बसली असेल रे?’ एवढे विचारावे. उत्तर मिळालेच पाहिजे असे नाही. स्वतःच्या आईविषयी न बोलणारे मूल त्या मुलीविषयी बोलू शकते.

खेळ हा उपचार मात्र नव्हे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ आणि वेदना कायम राहून शाळा, जेवण, मैत्री विस्कटली असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यास दीर्घकालीन शोकविकार म्हटले आहे आणि त्यावर समुपदेशनाने उपचार होतात. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोल ऐकू आले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. मुलाला एकटे न ठेवता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रीही चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.