बीडच्या वेशीबाहेर जागा घेतांना

बीड शहरांतून १७ सप्टेंबर २०२५ या दिवशीं अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी आगगाडी निघाली. १९४८ सालीं याच तारखेस मराठवाडा निजामाच्या राजवटींतून मुक्त झाला होता. अहिल्यानगर–बीड–परळी हा एकंदर २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग. त्याचा बीडपर्यंतचा टप्पा त्या दिवशीं वाहतुकीस खुला झाला. कित्येक दशकें जिची वाट पाहिली ती गाडी आली. परंतु तिची वार्ता तिच्या आधींच शहराभोंवतालच्या शेतांत पोहोंचली होती. सोलापूर–धुळें महामार्ग आणि शहराला वळसा घालणारा रस्ता यांच्या आसपास, जेथें ज्वारी आणि कापूस उभा असे, तेथें चुन्याच्या रेघा आंखल्या जातात, दगड रोंवले जातात आणि शेताचे ‘प्लॉट’ होतात.

असे प्लॉट घेणारे बहुतेक लोक श्रीमंत नसतात. पाटोदा, वडवणी, धारूर अशा तालुक्यांतील शिक्षक, कारकून व दुकानदार मुलांच्या शिक्षणासाठीं जिल्ह्याच्या गांवीं येऊं पाहतात. ऊसतोडीस जाणारें कुटुंबही त्यांत असतें. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीत पांच-सहा महिने उसाच्या फडांत काढावयाचे, आणि वर्षानुवर्षें जें मागें पडेल तें शहराच्या कडेच्या दीड गुंठ्यांत घालावयाचें. अशा माणसाचा सौदा फसला, तर पैशाबरोबर आयुष्याचीं दहा वर्षेंही जातात. म्हणून जागा घेतांना काय पाहावें, याचा विचार आधीं झाला पाहिजे.

पहिली गोष्ट कागदाची. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर. शेतजमिनीचे लहान लहान तुकडे पडूं नयेत म्हणून १९४७ सालीं मुंबई प्रांतांत तुकडेबंदीचा कायदा झाला, व पुढें तो मराठवाड्यासही लागू झाला. पण शहरें वाढलीं आणि लोक गुंठ्यागुंठ्यानें जमीन घेऊं लागले. अशा वस्त्या नियमित करण्यासाठीं २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा करावा लागला, २०२१ सालीं त्याची मुदत वाढवावी लागली, आणि २०२५ सालीं शहरी भागांत तुकडेबंदीच सैल करण्यांत आली. यावरून कोणाची समजूत होईल कीं, आज घेतलेला बेकायदा गुंठा उद्यां आपोआप कायदेशीर होईल. परंतु व्यवहार नियमित झाला म्हणून रस्ता रुंद होत नाहीं आणि गटारही बांधलें जात नाहीं. मंजूर रेखांकनांत रस्ते व मोकळी जागा आधींच राखून ठेवलेली असते. गुंठ्यानें विकलेल्या शेतांत तीं कोणी तरी सोडील, ही नुसती आशा असते.

मराठवाड्यांत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. निजामाच्या राज्यांत मंदिरें, मठ, मशिदी व दर्गे यांच्या खर्चासाठीं इनाम जमिनी दिलेल्या असत. त्यांच्या हक्काच्या कागदास ‘मुंतखब’ म्हणत. अशी जमीन पुजाऱ्याच्या किंवा मुतवल्लीच्या खाजगी मालकीची नसते, आणि तिचें साधें खरेदीखत करून घेणाऱ्यास मालकी मिळत नाहीं. म्हणून आजच्या सातबाऱ्यावरील नांव पाहून थांबूं नये. जुने फेरफार व १९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक काढून जमीन मूळची कोणाची हें पाहावें. स्टँपच्या कागदावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेली विसारपावती हें खरेदीखत नव्हे. विक्रीचा नुसता करार मालकी देत नाहीं, असें १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. तें येईल कोठून आणि जाईल कोठें, हीं दोन्ही पाहावीं लागतात. शहराच्या दक्षिणेस खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकांत, निजामशाहीच्या काळीं, सलाबतखानानें ती बांधविली आणि जमिनीखालच्या नळांनीं तिचें पाणी शेतांस नेलें. तेव्हां आधीं पाणी शोधलें, मग मळा पिकविला. नव्या वस्तींत हा क्रम उलटा होतो. शहराचें पाणी बिंदुसरा प्रकल्प व माजलगांव धरण येथून येतें. कडेच्या वस्तीला नळ पोहोंचेपर्यंत कूपनलिका आणि टँकर यांचाच आधार. म्हणून प्लॉट एकदां मे महिन्यांत पाहावा, आणि कूपनलिका कोणत्या महिन्यांत आटते हें शेजारच्या घरीं विचारावें.

तोच प्लॉट पुन्हां भर पावसाळ्यांत पाहावा. शहराच्या मधून वाहणारी बिंदुसरा उन्हाळ्यांत नदी वाटतही नाहीं; परंतु जुलै १९८९ मध्यें तिला आलेल्या पुरानें कांठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या व माणसें दगावलीं. नदीकांठीं निळी आणि लाल अशा पूररेषा आंखतात. निळ्या रेषेच्या आंत घर बांधण्यास मनाई असते. स्वस्त प्लॉट स्वस्त कां, याचें उत्तर उन्हाळ्यांत पुष्कळदां दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समजा, सहा लाख रुपयांचा प्लॉट घेऊन दहा वर्षें तसाच ठेवला. तेच सहा लाख शेंकडा सात व्याजानें बँकेंत ठेवले असते, तर चक्रवाढीनें ११ लाख ८० हजारांच्या घरांत गेले असते. म्हणजे जागेचा भाव दुप्पट झाला तरी मुद्रांक, नोंदणी व दलाली वजा जातां लाभ असा उरतच नाहीं. शिवाय आजारपणांत ठेव चार दिवसांत मोडतां येते. प्लॉट मात्र गरजवंताला पडत्या भावानें द्यावा लागतो. सावकाराचें कर्ज काढून प्लॉट घेणारा तर पहिल्याच दिवसापासून तोट्यांत असतो. जो तेथें घर बांधून राहतो त्याचा हिशेब निराळा. त्याचें भाडें वांचतें, मुलांना शाळा व घरच्यांना दवाखाना जवळ होतो. भाव वाढला नाहीं तरी त्याचें फारसें अडत नाहीं.

रेल्वे आली म्हणजे भाव वाढतो, हें खोटें नाहीं. पण ही आशा विकणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि तिची किंमत तो आजच वसूल करतो. म्हणून केवळ पैसा गुंतविण्यासाठीं जागा घेणाऱ्यानेंही, उद्यांच तेथें बिऱ्हाड न्यावयाचें आहे, अशा दृष्टीनें ती पारखावी. जेथें स्वतःच्या मुलाबाळांना घेऊन राहण्यास मन धजत नाहीं, ती जागा दहा वर्षांनीं दुसरा कोणी कशासाठीं घेईल?