दगडाखालची साक्ष

पुण्याच्या पश्चिमेस भुकूमच्या डोंगरउतारांवर उगम पावून, बावधन, पाषाण, सुतारवाडी, बाणेर असा अठरा-एकोणीस किलोमीटरांचा प्रवास करीत औंधनजीक मुळेस मिळणाऱ्या रामनदीला नदी म्हणणे हा लोकांच्या औदार्याचा भाग आहे. वस्तुतः तो एक थोरला ओढाच. परंतु ओढ्याची प्रकृती कशी पारखावी हे समजून घेण्यास तिच्याइतके सोयीचे उदाहरण विरळा, कारण उगमाकडची शेते व माळ, मधला पाषाणचा तलाव आणि पुढची दाट नागरी वस्ती या तिन्ही अवस्था एका दिवसाच्या पायपिटीत दृष्टीस पडतात.

परीक्षेचा रूढ सरकारी रिवाज बाटलीचा. नमुना भरावयाचा, प्रयोगशाळेकडे रवाना करावयाचा, आणि त्यात विरघळलेला प्राणवायू किती, तसेच पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्म जंतू किती प्राणवायू खाऊन टाकतात, याची मोजदाद करावयाची. या दुसऱ्या मोजणीस ‘बीओडी’ म्हणतात. तिच्यासाठी इंग्लंडात नमुना 20 अंशांवर पाच दिवस ठेवतात, आपल्या उष्ण हवेत तो 27 अंशांवर तीन दिवस ठेवतात. स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि बीओडी 3 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे.

हे सर्व यथायोग्य आहे. मात्र बाटली जी साक्ष देते ती ज्या क्षणी ती बुडवली त्या क्षणाचीच. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या डोहात भर दुपारी, वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण ऐन भरात असताना, नमुना घेतला तर प्राणवायू भरपूर आढळतो, आणि त्याच डोहात पहाटे, रात्रभर सर्व जीवांचा श्वासोच्छ्वास चालून गेल्यावर, मासे पृष्ठभागाशी तोंड वासून धापा टाकीत असतात. रात्री कोणी टँकर रिता करून गेला असेल, तर सकाळी दहाच्या नमुन्यास त्याची वार्ताही नसते.

त्याची वार्ता असते ती दगडाखाली राहणाऱ्या जीवांना. उथळ, खळाळत्या जागी प्रवाहाच्या खालच्या अंगास बारीक जाळी धरावी, वरच्या बाजूचे गोटे पायाने ढवळावेत, आणि जाळीत आलेला ऐवज पांढऱ्या ताटात पाणी घालून पसरावा. एवढ्या साध्या कृतीने ओढ्याचे मागील कित्येक महिन्यांचे दप्तर उघडते. स्टोनफ्लाय, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांची बाल्यावस्था पाण्यात जाते. त्यांपैकी पुष्कळांचे श्वसन नाजूक कल्ल्यांच्या किंवा अंगाच्या त्वचेच्या द्वारे होत असल्याने, एका रात्रीचीही प्राणवायूची टंचाई त्यांना सोसत नाही, आणि ते एकदा नाहीसे झाले की आठवडेच्या आठवडे त्यांची उणीव भासत राहते. याउलट कायरोनोमस प्रजातीच्या अळ्यांच्या रक्तात आपल्याप्रमाणे हिमोग्लोबिन असल्याने त्या लालभडक दिसतात आणि गाळात अल्प प्राणवायूवरही निभावून नेतात. मत्स्यालयाच्या हौशी मंडळींना ठाऊक असलेले ट्युबिफेक्स किडे त्याच कोटीतले. आणखी एक अळी तर शेपटासारखी लांबणारी श्वासनळी पृष्ठभागावर काढून, गटारातही सुखाने नांदते, कारण तिला पाण्यातल्या प्राणवायूची गरजच नाही!

कोणता जीव किती घाण सोसतो यावरून पाण्याची प्रतवारी लावण्याची कल्पना कोल्कविट्झ आणि मारसन या जर्मन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. पुढे ब्रिटनमध्ये पाण्यातल्या बिनकण्याच्या जीवांच्या कुळांस 1 ते 10 गुण देण्याची पद्धत निघाली, जीत बहुतेक स्टोनफ्लाय कुळांस 10 आणि ट्युबिफेक्ससारख्या किड्यांस 1 गुण मिळतो. आपल्या केंद्रीय मंडळाची जैविक कसोटीही याच धर्तीची आहे.

तथापि परकी गुणपत्रिका डोळे मिटून वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दख्खनच्या ओढ्यांचा स्वभाव निराळा. पावसाळी लोंढ्याने सारी वस्तीच धुऊन गेलेली असताना घेतलेला नमुना काहीच सांगत नाही. हिवाळ्यात प्रवाह स्थिरावल्यावर घेतलेलाच विश्वासार्ह. उन्हाळ्यात ओढा आटणे हे आजाराचे लक्षण नव्हे, तो त्याचा सनातन क्रम आहे; उलट जो ओढा पूर्वी चैत्र-वैशाखात कोरडा पडे तो आता भर मे महिन्यात वाहताना दिसला, तर आनंद मानण्यापूर्वी हे पाणी कुठल्या झऱ्याचे की कुठल्या मैलावाहिनीचे, याची चौकशी करावी. तुलनेसाठीही इंग्लंडच्या नदीपेक्षा त्याच ओढ्याचा वरचा भाग अधिक योग्य. तलावाच्या सांडव्यालगतची जागा मात्र टाळावी, कारण तिथले पाणी व जीव दोन्ही तलावाकडून आलेले असतात.

शिवाय परीक्षा केवळ पाण्याची करून भागत नाही. काठचे उंबर, करंज आणि वाळुंज तोडले गेले की सावली जाऊन पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पडणारी पाने थांबली की ती कुरतडून जगणाऱ्या कीटकांचा शिधाही तुटतो. त्यावर सुशोभीकरणाच्या उत्साहात तळ गुळगुळीत काँक्रीटचा केला, म्हणजे गोट्यांखालची घरेच उरत नाहीत. मग उद्या एखादे शुद्धीकरण केंद्र उभारून पाणी खरोखर निवळले आणि बाटलीने सर्व दंडक पाळल्याचा दाखला दिला, तरी उडत आलेल्या मेफ्लायच्या माद्यांनी घातलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांना त्या तळावर टिकून राहता येणार नाही, आणि पांढरे ताट जवळपास रिकामेच राहील.